वयाप्रमाणे झोप



आजचा विषय साधा आहे, परंतु तो घरोघरी रोज सकाळी वाद घडवून आणतो. आजोबा पहाटे चारलाच जागे होतात, तान्हे बाळ रात्रीतून तीनदा उठते आणि दहावीतला मुलगा आठ वाजले तरी अंथरूण सोडत नाही. मग त्याला 'सूर्यवंशी', 'कुंभकर्ण' अशा पदव्या बहाल होतात. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेत आकडेमोड करणारी माणसे आहोत. तरीही जे वाचनात आले त्यावरून आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, या तिघांपैकी कोणीही दोषी नाही. प्रत्येक वयाची झोप निसर्गानेच वेगळी ठेवली आहे.

नवजात बाळ दिवसाकाठी साधारण १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. कारण दिवस आणि रात्र हा फरक त्याच्या शरीराला अजून कळत नसतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना ८ ते १० तास आणि प्रौढ माणसाला किमान ७ तास झोप हवी असते.

झोप रात्रभर एकसारखीही नसते. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, झोपेत काही काळ बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलत असतात. ठळक स्वप्ने बहुधा याच वेळी पडतात. गाढ झोप आणि ही स्वप्नांची झोप यांचा फेरा मोठ्यांत सुमारे दीड तासाचा, तर तान्ह्या बाळात त्याहून लहान असतो. म्हणून बाळ वरचेवर चाळवते. उतारवयात गाढ झोप कमी होते आणि जागही लवकर येते.

आता विद्यार्थ्यांविषयी. आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. ते पेशींत कसे चालते याच्या शोधाबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडल्यावर मेंदूतून मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवते व शरीर झोपेच्या तयारीला लागते. वयात येताना हे स्रवणे तास-दीड तास, कधी त्याहूनही उशिरा सुरू होते. त्यामुळे दहा वाजता 'झोप' म्हटले तरी मुलाचा डोळा लागत नाही. त्याच्या झोपेची गरज मात्र कमी झालेली नसते.

हे ओळखून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२२ पासून बहुतेक हायस्कुले सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत असा कायदा लागू केला. आपल्या महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. लहानग्यांची सोय पाहिली गेली हे चांगलेच झाले. परंतु ज्यांचे घड्याळ सर्वांत उशिरा चालते, त्या मोठ्या मुलांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांची घरे एक-दोन खोल्यांची आहेत. घरातला शेवटचा माणूस टी.व्ही. बंद करतो तेव्हा मुलाचे अंथरूण पडते आणि पहाटे नळाला पाणी आले की भांड्यांच्या आवाजाने ते गुंडाळले जाते. अशी झोप दोन्ही बाजूंनी कापली जाते. वाचलेले मनात पक्के होण्याचे काम झोपेतही होत असते. मग वर्गात पेंगणाऱ्या मुलाला बुद्धी नाही असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय नव्हे काय?

यावर फार खर्चाचा उपाय नाही. रात्री ठरावीक वेळी टी.व्ही. आणि दिवा बंद व्हावा. मोबाइल उशाशी नसावा. संध्याकाळनंतर चहा टाळावा. सकाळी उठताच उजेडात यावे. त्याने शरीराचे घड्याळ ताळ्यावर येते. रविवारी दुपारपर्यंत झोपून ते पुन्हा बिघडवू नये. मंडळाने संध्याकाळी अभ्यासासाठी जागा उपलब्ध करून दिली, तर मुलांचा अभ्यास वेळेत आटोपेल आणि जागरणे टळतील.

मुलांसाठी आपण पोटाला चिमटा घेऊन फी भरतो, पुस्तके आणतो. त्यांची झोप राखणे हेही शिक्षणाचेच काम आहे, हे ध्यानी घ्यावे अशी विनंती करून आम्ही आमचे चार शब्द संपवितो.