परकी भाषा कोणती शिकावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हा विषय माझ्या गळ्यात पडला तो चैत्रातल्या हळदीकुंकवाला. आंब्याची डाळ आणि पन्हे यांच्या मधल्या वेळात तिघीजणींनी मला एकाच प्रश्नात पकडले. एकीची नात अकरावीला जायची होती. दुसरीची पुतणी परिचारिकेचा अभ्यासक्रम संपवून परदेशी जाण्याच्या खटपटीत होती. आणि तिसरीला, घरात आता लहान कुणी उरले नाही म्हणून, स्वतःलाच काही शिकावेसे वाटत होते. म्हणणे तिघींचे एकच. "तुम्ही दोन परक्या भाषा शिकलात. सांगा, फ्रेंच, जर्मन की जपानी? कोणती शिकण्यात अर्थ आहे?" मी डाळीची वाटी संपवली आणि "विचार करून सांगते" म्हणून सुटले. चिटणीसबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ते वाक्य धरून ठेवले, आणि आज मी आपल्यापुढे उभी आहे.

माझा अधिकार केवढा म्हणाल, तर एक भाषा अर्ध्यावर सुटलेली आणि दुसरी चौसष्टाव्या वर्षी धरलेली, एवढाच. इंग्रजीला मी यात धरत नाही. ती केव्हाच आपल्या माजघरात येऊन बसली आहे.

हा प्रश्न सोडवायला बसले की लोक आधी माणसे मोजतात. चिनी बोलणारे इतके कोटी, स्पॅनिश इतक्या देशांत चालते, वगैरे. मोजायचेच असेल तर 2011 च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते. इटालियन मातृभाषा असणारी माणसे याहून कमी आहेत, आणि जर्मनही आपल्यापेक्षा फारशी पुढे नाही. म्हणून काही इटलीतल्या बायका मराठीच्या वर्गाला नावे घालताहेत असे माझ्या ऐकिवात नाही.

मग येते नोकरी. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठविण्याबद्दल करार केला, तेव्हापासून जो तो जर्मनच घ्या म्हणतो. यात खोटे काही नाही. जिला जर्मनीतल्या रुग्णालयात काम करायचे आहे तिला निवड उरतच नाही, तिने जर्मनच शिकावी. त्या पुतणीला माझे सांगणे इतकेच, की 'ए वन' ही पहिली पायरी झाली म्हणजे भाषा आली असे समजू नये. रोग्याचे गाऱ्हाणे समजायचे तर 'बी टू' या चौथ्या पायरीपर्यंत चढावे लागते, आणि त्यात वर्षभर तरी नेटाने जाते.

पण ज्यांना निवडीला वाव आहे त्यांनी नोकरीच्या भरवशावर भाषा निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एके काळी आपल्याकडे हुद्दा हवा तर फारसी यावी लागे. ती इतकी मुरली, की शिवछत्रपतींनी मुद्दाम राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजविले. आज त्या फारसीच्या जोरावर किती घरांत चूल पेटते? आपल्या 'चिटणीस'बाईंच्या पदातले शेवटचे अक्षरयुग्म तेवढे फारसीचे राहिले आहे.

दुसरे उदाहरण माझे स्वतःचे. 1974 साली मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला रशियन शिकू लागले. त्या वेळी रशियन येणाऱ्याला पुढे मोठे भवितव्य आहे असे सर्वत्र बोलले जाई. भिलाई-बोकारोचे पोलादाचे कारखाने त्यांच्याच मदतीने उभे राहिलेले, दुभाष्यांना मागणी. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनात रशियन पुस्तकांची मराठी भाषांतरे भाजीच्या भावात मिळत. मी दोन वर्षे मन लावून शिकले. 1977 साली लग्न होऊन साताऱ्याला गेले, वर्ग सुटला. 1991 च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच विसर्जित झाला. वर्तमानपत्र वाचता वाचता दीर म्हणाले, "वहिनी, तुमची भाषा बुडाली!" सगळे हसले. मीही हसले, पण ते मला लागले होते. त्या रात्री मी ट्रंकेतला शब्दकोश काढला आणि चेखॉव्हची एक लहानशी कथा अडखळत वाचली. तिच्यात काहीच बुडालेले नव्हते.

आता कठीण-सोप्याचा विचार. इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण याविषयी आपल्याकडे फार उसने ज्ञान चालते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या शाळेचा हिशेब असा, की फ्रेंचला 600 ते 750 तास, रशियनला 1100, आणि जपानीला 2200 तास शिकवावे लागते. हे आकडे सगळीकडे छापून येतात. पण तो हिशेब इंग्रजी बोलणाऱ्यांचा आहे! मराठी बाईचा कान निराळा. जपानीत 'मी भात खाते' हे आपल्याच क्रमाने येते, क्रियापद शेवटी. 'हून', 'ला', 'त' यांच्यासारखे प्रत्यय नामाच्या मागूनच लागतात. आणि प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी काय लावतात? 'का'! 'जाता का?' म्हणजे 'इकिमास का?' हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. अर्थात लिपीचे दुखणे खरे आहे. दोन वर्णमाला, आणि शिवाय नित्य वापराची म्हणून सरकारने ठरविलेली 2136 चित्राक्षरे. बोलायला जवळची, लिहायला लांबची, अशी ती भाषा.

रशियनची लिपी लोकांना भिववते, पण अक्षरे 33 च, आठवड्यात येतात. विभक्त्या मात्र सहा. जिने शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकले आहे तिला त्यांचे भय वाटू नये. दाराला 'द्वेर' आणि विस्तवाला 'अगोन्' म्हणतात म्हटल्यावर द्वार आणि अग्नी आठवल्यावाचून राहत नाहीत. फ्रेंचमध्ये लिहितात पुष्कळ आणि उच्चारतात थोडे, हा त्रास आहे. पण त्यांच्या ऐंशीला ते 'चार विसा' म्हणतात, आणि विसांनी मोजणाऱ्या आपल्या आज्यांना ते एका दमात समजले असते.

जर्मन तर आपल्याच वळणाची. हिंदीला लिंगे दोन, फ्रेंचला दोन, जर्मनला तीन. आपल्या तो-ती-ते यांच्यासारखी डेर-डी-डास. सूर्य त्यांच्यात स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, एवढे सोसावे लागते. आकडेही आपल्याच रीतीने, आधी एक आणि मग वीस. 2019 साली आपल्याकडे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आले तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवते ना? जर्मनीतही 'वीस एक'च म्हणा असा आग्रह धरणारी मंडळी आहेत, आणि त्यांचेही कुणी ऐकत नाही.

पण सोपी म्हणूनही भाषा टिकत नाही, हे मी वर्गात पाहिले. अकरावीला गुण पडतात म्हणून जर्मन घेतलेली कितीतरी मुले बारावीनंतर दोन वर्षांत 'नमस्कार' आणि 'आभारी आहे' एवढ्यावर येतात. उलट माझी एक भाची कोरियन मालिका पाहून पाहून कोरियन शिकली. घरात तिची काय थट्टा झाली! आज ती उपशीर्षकांशिवाय पाहते, आणि राजा सेजोंगने 1446 साली प्रजेसाठी काढलेली ती लिपी तिने मला एका दुपारी वाचायला शिकविली. म्हणून त्या अकरावीतल्या नातीला मी म्हणेन, पंधरा-पंधरा दिवस प्रत्येक भाषा नुसती ऐक. जी न्हाणीघरात आपोआप तोंडात येईल ती घे.

आपल्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतल्या तेव्हा या भाषा किती लोक बोलतात हे त्यांनी पाहिले नसणार. बायबल मुळावरून मराठीत आणायचे, साध्या बायकांना कळेल असे आणायचे, हे काम त्यांच्यापुढे होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी ते 1922 साली मृत्यू येण्याआधी पुरे केले. 1928 साली इरावतीबाई कर्वे बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. जर्मन त्यांना त्या कामासाठी हवी होती. या दोघींना 'कोणती भाषा' हा प्रश्न पडलाच नाही, कारण ती कशासाठी हवी हे आधी ठरलेले होते.

मला ते उशिरा ठरले. 2019 साली मी स्टुटगार्टला लेकीकडे गेले होते. जावई तिकडचेच. लेक नातवाशी मराठीत बोले आणि तो उत्तर जर्मनमध्ये देई. चार वर्षांचा होता. एका दुपारी मी त्याला बागेत नेले. घसरगुंडीवरून तो पडला, गुडघा धरून माझ्याकडे आला आणि रडत रडत म्हणाला, "एस टूट वे! एस टूट वे!" मला वाटले, काही तुटले! हाड मोडले म्हणून माझे हातपाय गळाले. त्याला उचलून घेता येईना, कुणाला विचारता येईना. शेजारच्या बाकावरच्या एका अनोळखी बाईने येऊन त्याला चार शब्द विचारले, गुडघ्यावर फुंकर घातली, आणि तो तिच्याजवळ शांत झाला. माझ्याजवळ नाही. 'एस टूट वे' म्हणजे नुसते 'दुखतंय'.

परत आल्यावर मी पहिल्याच महिन्यात वर्गात नाव घातले. बाकीच्या विद्यार्थिनी माझ्या नातीच्या वयाच्या. एक नवी नवरी होती, नवऱ्याकडे जाण्यासाठी तिला 'ए वन'चा दाखला हवा होता. बाईंनी प्रत्येकीला विचारले, जर्मन कशाला शिकता? मी म्हटले, एका मुलाशी बोलायचे आहे. मुली हसल्या. पुढे त्याच मला चुका दुरुस्त करून देऊ लागल्या.

आणि यातच माझ्या ध्यानात आले, की माझ्या नातवाच्या दृष्टीने परकी भाषा मराठी आहे. ती शिकून त्याला तिथे नोकरी मिळणार नाही, गुण पडणार नाहीत, आणि बोलायला आई व आजी अशी दोनच माणसे. कुठल्याही हिशेबाने पाहिले तर त्याने ती शिकू नये. लेकीला मी हे बोलून दाखविले तेव्हा ती गप्प बसली, आणि मग म्हणाली, "आई, दर रविवारी तूच त्याच्याशी बोल."

तेव्हापासून आमचा करार आहे. मोबाइलवर पाव तास मी जर्मन बोलायचे आणि त्याने सुधारायचे, पाव तास त्याने मराठी बोलायचे आणि मी सुधारायचे. तीन लिंगे त्याला ठाऊकच असल्याने तो-ती-ते त्याने पटकन उचलले, पण जर्मनमध्ये मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी. एकदा चित्रातली पोर दाखवून तो म्हणाला, "आजी, ते मुलगी पडलं. त्याला दुखतंय."

मी म्हटले, "ती मुलगी पडली. तिला दुखतंय."

"का? ती का?"

मी त्याला विचारले, तुमच्यात मुलगीला डास का? त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "तसंच असतं, आजी."

"आमच्यातही तसंच असतं," मी म्हटले. मग माझी पाळी आली, आणि चंद्राला मी पुन्हा एकदा चुकीचे लिंग लावले.