माझा पास कामशेतपर्यंतच आहे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतेय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय. मधले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युली’ तेवढे कमी केलेत.

मागच्या भागानंतर एका ताईंनी विचारलं, “तू सारखी प्रवासाबद्दल बोलतेस, पण तू स्वतः कुठे कुठे फिरली आहेस गं?”

प्रश्न साधा होता. पण मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. कारण खरं उत्तर होतं, शिवाजीनगर. (हसू)

खरंच सांगते. मी कामशेतजवळच्या एका गावात राहते आणि पुण्यात बीए करते, इतिहास घेऊन, दुसरं वर्ष. रोज सकाळची लोणावळा–पुणे लोकल. जाऊन-येऊन नव्वदच्या आसपास किलोमीटर होतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर मी दर आठवड्याला पाचशे किलोमीटरपेक्षा जास्त फिरते. आणि पोचते कुठे? शिवाजीनगर. तिथून चालत कॉलेज.

आता ही लोकल काही साधी गोष्ट नाही बरं का. लेडीज डब्यात सकाळी सकाळी एक अख्खं गाव भरलेलं असतं. एक काकू मांडीवर पिशवी ठेवून मेथी निवडतात, शिवाजीनगर येईपर्यंत दोन जुड्या साफ. एक मावशी हॉस्पिटलात कामाला आहेत, त्या बसल्या बसल्या झोपतात आणि चिंचवड आलं की बरोब्बर उठतात. कसं कळतं, देव जाणे. माझी खिडकी ठरलेली नाही, पण कान्हे येईपर्यंत बॅग ठेवायला जागा मिळाली तर दिवस चांगला जातो असा माझा हिशोब आहे. परीक्षेच्या दिवशी दारात उभं राहून नोट्स वाचल्यात, एकदा वाऱ्यानं दोन पानं उडून गेली. सातवाहनांची होती. बेगडेवाडीच्या आसपास कुणाला सापडली असतील तर वाचून घ्या, चांगली लिहिली होती.

आणि पास! मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज सेकंड क्लासचा पास रेल्वे फुकट देते. कॉलेजातून फॉर्मवर सही-शिक्का आणायचा, खिडकीवर द्यायचा, झालं. हा पास नसता तर मी बारावीनंतर शिकले असते का, मला माहीत नाही. त्यामुळे पासबद्दल माझी तक्रार नाही. फक्त त्यावर दोनच स्टेशनांची नावं असतात. कामशेत आणि शिवाजीनगर. बाकीचं जग त्यात नाही.

आमच्या गावाजवळ रेल्वेचं फाटक आहे. लहानपणी शाळेतून येताना फाटक पडलेलं असलं की आम्ही खूश. लांब पल्ल्याची गाडी जायची आणि आम्ही डब्यांवरच्या पाट्या वाचायची शर्यत लावायचो. उद्यान एक्स्प्रेस, बेंगळुरू. कोणार्क, भुवनेश्वर. नागरकोइल! हे नाव कसं म्हणायचं यावरून आमची भांडणं झालीत. माझा भूगोल पुस्तकातून नाही, त्या पाट्यांवरून सुरू झाला. गाडी निघून गेली की फाटक वर व्हायचं, आणि आम्ही रूळ ओलांडून घरी.

आता गंमत बघा. मी जिथून बाहेर जायला बघते, तिथे लोक लांबून लांबून येतात. कामशेतला पॅराग्लायडिंग चालतं. तुम्ही हायवेवरून जाताना रंगीत पंख बघितले असतील आकाशात. दोन वर्षांपूर्वी त्यातला एक माणूस वारा चुकल्यामुळे थेट आमच्या खाचरात उतरला. गोरापान, उंच, चिखलानं माखलेला. आजी बांधावर होती. ती काही घाबरली नाही. तिनं तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, “कुठनं आलास रं बाबा?”

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, स्वित्झर्लंड.

आजी म्हणाली, “येवढ्या लांबनं? हितं काय बघाया आला?”

मी त्याला हे भाषांतर करून सांगितलंच नाही. मलाच उत्तर माहीत नव्हतं.

शनिवार-रविवार मी जुन्या हायवेवर एका चिक्कीच्या दुकानात काम करते. तिथे दिवसातून वीस वेळा तरी कुणीतरी विचारतं, “इथे बघण्यासारखं काय आहे?” मी पाठ केल्यासारखं सांगते. कार्ला लेणी, भाजे लेणी, लोहगड, पवना. इकडून वळा, तिकडून जा. त्यांच्या गाड्या सुटतात आणि मी परत शेंगदाणा चिक्कीचे अर्धा-अर्धा किलोचे पुडे बांधते.

कार्ल्याला मी दरवर्षी जातेच. एकवीरा आईला. पायऱ्या चढायच्या, रांगेत उभं राहायचं, दर्शन, नारळ, खाली येऊन वडापाव. शेजारी ते एवढं मोठं लेणं आहे, पण आमच्यासाठी ते म्हणजे रांगेच्या बाजूला असलेली सावली. आत एकदाच गेले होते, पाचवीत, शाळेच्या सहलीत. तेव्हाचं फक्त वटवाघळांचा वास आठवतोय.

मग यावर्षी वर्गात शिलालेख सुरू झाले. सरांनी विचारलं, “मावळातलं कोण आहे?” मी हात वर केला. ते म्हणाले, “मग कार्ल्याच्या चैत्यगृहात दारापाशी काय लिहिलंय, ते तू सांग.” मी गप्प. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रविवारी दुकानातून लवकर सुट्टी घेतली आणि गेले. यावेळी रांगेत नाही, तिकीट काढून लेण्यात. मंडळी, तुम्ही गेला नसाल तर एकदा जा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका अखंड डोंगरात कोरलेला तो हॉल आहे, साधारण ४५ मीटर लांब आणि १४ मीटर उंच. भारतातलं हे सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह. छताला लाकडाच्या कमानी आहेत, त्या अजून तिथे आहेत. दगडाच्या डोंगरात लाकूड, आणि ते एवढी शतकं टिकलंय.

पण मी गेले होते लेखासाठी. दारापाशी ब्राह्मी अक्षरात एक ओळ आहे. वर्गात शिकलेलं सगळं तिथे विसरले, दोन-तीन अक्षरं जुळवता आली तेवढीच. अर्थ सरांनी सांगितला होता. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठनं हे शैलगृह पूर्ण केलं, जंबुद्वीपात याच्यासारखं उत्तम दुसरं नाही, अशा अर्थाचं ते आहे. वैजयंती म्हणजे आजचं बनवासी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसी तालुक्यात. आतल्या खांबांवर अजून नावं आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचे लोक, त्यातले कित्येक स्वतःला यवन म्हणवणारे. ते गाव नेमकं कुठलं, यावर अजून अभ्यासकांचं एकमत नाही.

म्हणजे काय, तर बोरघाटातून माल ये-जा करायचा, त्या वाटेवरची ही लेणी. व्यापारी यायचे, थांबायचे, दान द्यायचे आणि खांबावर आपलं नाव लिहून घ्यायचे. नावासोबत गावही. मी अमका, अमक्या गावचा. मी त्या खांबाला हात लावून उभी होते आणि मला एकदम फाटकावरच्या पाट्या आठवल्या. तेव्हापासून डोक्यात एकच. बनवासीला जायचं.

बघा, आधी मला ‘कुठेतरी’ जायचं होतं. लडाख, मेघालय, जे मोबाईलवर दिसेल ते. पहिल्यांदा एक ठिकाण ठरलं. चालुक्य एक्स्प्रेस दादरहून निघून आमच्याच रुळांवरून हुबळीकडे जाते. हुबळीहून बसनं शिरसी, शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि पुढे वीस-पंचवीस किलोमीटरवर बनवासी. वरदा नदी, मधुकेश्वराचं जुनं देऊळ, कदंबांची राजधानी. वर्गातल्या दोन मैत्रिणी तयार झाल्या. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाली की निघायचं. बिस्किटाच्या जुन्या डब्यात मी चिक्कीच्या दुकानाचे पैसे साठवत होते. ऑक्टोबरपर्यंत ४,२०० झाले.

मध्ये एक फटका बसला. प्रॅक्टिकल फाईल पूर्ण करायला रात्रभर जागले होते, येताना लोकलमध्ये जी झोप लागली ती थेट लोणावळ्याला उघडली. उतरले तर समोर टीसी मॅडम. मी ऐटीत पास दाखवला. त्यांनी बघितला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “बाळा, तुझा पास कामशेतपर्यंतच आहे.” दंड २५० रुपये आणि वर भाडं. चूक माझीच होती, भरले. पण ते वाक्य आहे ना, ते दंडापेक्षा जास्त लागलं. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. नुसत्या अडीचशे रुपयांसाठी कुणी रडत नाही.

आणि मग ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस आला. आमच्याकडे इंद्रायणी भात असतो. कापणीला आलेलं पीक आडवं झालं, खाचरात पाणी. आडव्या भाताला मशीन चालत नाही, विळ्यानंच कापावं लागतं. माणसं मिळेनात, मिळाली तर मजुरी जास्त. अण्णा मला काही बोलले नाहीत. ते कधीच बोलत नाहीत. आई फक्त म्हणाली, “बघ बाई तुला काय वाटतं ते.” आता यावर माणूस काय करणार?

मी तिकीट रद्द केलं. डबा आईपुढे ठेवला. मोठ्या मनानं दिले असं वाटत असेल तुम्हाला, तर नाही. रागानं दिले. डबा जरा आपटलाच. भाऊबीजेनंतरचे चार दिवस मी चिखलात वाकून भात कापला, आणि त्याच चार दिवसांत मैत्रिणी बनवासीला जाऊन आल्या. फोटो येत होते. देवळातला नंदी, नदीचा घाट, केळीच्या पानावरचं जेवण. मी प्रत्येक फोटोला लाल बदाम टाकला आणि फोन उलटा करून ठेवला.

लोक समजूत काढतात. “अगं, तू किती निसर्गरम्य ठिकाणी राहतेस, लोक पैसे देऊन येतात.” “प्रवास मनात असतो.” ऐकलंय सगळं. मला पटत नाही. कार्ल्याचं लेणं नीट बघितलं म्हणून माझी लांब जायची ओढ कमी झाली नाही, उलट तिथूनच ती खरी सुरू झाली. ज्यांचं फिरून झालंय, त्यांनी घरी बसलेल्याला ‘घरीच सगळं आहे’ असं सांगू नये.

एका रात्री आजीला सगळं सांगितलं. भूतपाल, लेख, बनवासी, सगळं. मला वाटलं ती म्हणेल, काय करायचंय तिकडं. आजी देहूच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेलेली आहे, पण तिला पहिली वारी कधी घडली माहितीय? लग्नानंतर अकरा वर्षांनी. दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी बाळंतपण, कधी पेरणी, कधी सासऱ्यांचं आजारपण. पालखी निघाल्याचं कानावर यायचं आणि ही खाचरात.

मी विचारलं, “मग तुला राग नाही यायचा?”

“यायचा की,” ती म्हणाली. “पर मी दरसाल पिशवी भरून ठिवायचे.”

मग थोडा वेळ थांबून म्हणाली, “तो शेठ तिकडनं हितं आला, येवढं बांधून गेला. कुणी आपल्या घरी येऊन गेलं तर आपण बी एकदा जाऊन यावं लागतं. न्हाई गेलं तर बरं दिसत न्हाई.”

दोन हजार वर्षांची परतभेट बाकी आहे म्हणे आमच्याकडे! मी हसले. पण मला बरं वाटलं. मला जायचंय याचं कारण कुणीतरी पहिल्यांदा माझ्याकडून मागितलं नव्हतं, उलट मला दिलं होतं.

तर मंडळी, ताईंच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. अजून कुठेही गेलेले नाही. डब्यात सध्या १,१५० रुपये आहेत. भात विकल्यावर अण्णांनी पाचशेची नोट गुपचूप त्यात टाकली, ती धरून. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. वार्षिक परीक्षा संपली की जायचा विचार आहे. आई म्हणते सोबत कुणीतरी हवं, आजी म्हणते मी येते. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे बघू.

तुमच्यापैकी कुणी हुबळी–शिरसी–बनवासी केलं असेल तर मला जरूर कळवा. शिरसीहून सकाळी पहिली बस किती वाजता असते, आणि ७२ वर्षांच्या बाईला झेपेल अशी राहायची साधी जागा कुठे मिळेल, एवढं हवंय. पुढच्या भागात लेडीज डब्यातल्या त्या मेथीवाल्या काकूंशी गप्पा आहेत. त्यांनी होकार दिलाय, पण भाजी निवडता निवडताच बोलणार म्हणाल्या. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच!