कुठल्या विद्यापीठाची जर्सी?



वसंत व्याख्यानमालेत फुटबॉल, त्यातही मुलींचा फुटबॉल, म्हटल्यावर काही भुवया वर गेल्या असतील. पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर बेळगावात आजवर इतकी व्याख्यानं झाली आहेत, की एखादं मैदानावरून झालं तर बिघडणार नाही.

निपाणीतली बारावी झालेली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. शाळेत ती खो-खो खेळली, आठशे मीटर पळाली. फुटबॉल खेळली तो गल्लीत, भावाच्या मित्रांबरोबर, आणि तोही कुणी ओरडेपर्यंत. आपल्याकडे शाळांमधला फुटबॉल जुना. बेळगावात छावणी आली, मिशनच्या शाळा आल्या, त्यांच्याबरोबर हा खेळ आला. सेंट पॉल्सच्या फादर एडी स्पर्धेला गर्दी कशी लोटते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ती गर्दी मुलग्यांच्या सामन्यांची. मुलीच्या वाट्याला फुटबॉल बहुधा कॉलेजात गेल्यावर येतो. जिमखान्याच्या बोर्डावर ट्रायलची तारीख लागते, अकरा जणी भरत नाहीत, मग सर हँडबॉलच्या आणि कबड्डीच्या मुलींना हाक मारतात. अशी संघाची सुरुवात.

आता ही मुलगी प्रवेश कुठे घेते, यावर तिचं पुढचं सगळं ठरतं. निपाणी शहरातच केएलईचं बागेवाडी कॉलेज आहे. ते बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. आणि निपाणीच्या वेशीला लागून देवचंद कॉलेज. पत्ता मात्र अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. हे शिवाजी विद्यापीठाचं. एकाच गल्लीतल्या दोन मैत्रिणी सकाळी घरून निघतात, एक या राज्यात शिकते, दुसरी त्या राज्यात.

कागदावर एवढाच फरक. मैदानावर तो फार मोठा होतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेत देशाचे चार विभाग आहेत. कर्नाटकातली विद्यापीठं दक्षिण विभागात, महाराष्ट्रातली पश्चिम विभागात. म्हणजे बागेवाडीची मुलगी विद्यापीठाच्या संघात आली, तर तिच्यासमोर केरळ-तमिळनाडूचे संघ. देवचंदची मुलगी विद्यापीठातल्या झोनल, इंटरझोनल पार करून निवडली गेली, तर तिची गाठ गोवा, मुंबई, पुण्याशी. निपाणीच्या या दोघी विद्यापीठाच्या जर्सीत एकमेकींविरुद्ध येणार कधी? दोघींचे संघ आपापल्या विभागातून पुढे जाऊन अखिल भारतीय फेरीत पोचले तरच. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने बऱ्याच गोष्टींचा विचार केला, सेंटर फॉरवर्डचा केला नाही.

विद्यापीठापलीकडची वाटही अशीच फुटते. कर्नाटकच्या फुटबॉल संघटनेचं ठाणं बेंगळुरूला, महिला लीग तिथल्याच मैदानांवर. निपाणीहून पावणेसहाशे किलोमीटर. कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर. तिथे शाहू स्टेडियम आहे, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आहे, आणि 2020 मध्ये भारतीय महिला लीगमध्ये उतरलेला एफसी कोल्हापूर सिटी हा संघही तिथलाच. गंमत अशी, की ती लीग भरली बेंगळुरूला! बसभाड्याचा हिशेबही ऐकून ठेवा. 2023 पासून कर्नाटकात साध्या बसला बायकांना तिकीट नाही, महाराष्ट्रात एसटीला अर्धं तिकीट. सवलत दोन्हीकडे आहे, पण ती मिळवायची तर आपापल्या राज्यातच फिरायला हवं. सरावासाठी आठवड्यातून तीनदा जायचं असेल, तर घरात हे बोलणं होतंच.

या पट्ट्यातून कुणी पुढे गेलं का? गेलं. संकेश्वरच्या पलीकडे गडहिंग्लज. त्या तालुक्यातल्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळल्या, पुढे प्रशिक्षक झाल्या, आशियाई महासंघाचा ‘ए’ परवाना मिळवला, भारतीय फुटबॉल महासंघात ग्रासरूट विभाग सांभाळला आणि नंतर गोव्याच्या डेम्पो क्लबमध्ये गेल्या. शेतकरी मुलुखातल्या मुलीने हे केलं. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गडहिंग्लज हे फुटबॉलवेडं गाव आहे. सामने तिथे मुलांचे असले, तरी खेळ रोज डोळ्यांसमोर असतो. नुसत्या जिद्दीच्या कथा सांगून आपण गावाचं हे श्रेय बुडवतो.

थोडं दूर जाऊ. अमेरिकेत 1972 साली कायदा झाला: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही, खेळही त्यात आले. त्याच वर्षी फुटबॉलपटू मिया हॅम जन्मली. ती 1989 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेली, 1991 मध्ये एकोणिसाव्या वर्षी चीनमधला पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होती, आणि विद्यापीठासाठी तिने चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. तिची प्रतिभा मोठीच. पण तिथल्या कॉलेज संघाला एका हंगामात वीसच्या आसपास सामने मिळतात, हे विसरू नका. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या. सकाळी हरलात, तर दुपारच्या गाडीने घरी. वर्षभर घाम गाळायचा आणि एखाददुसऱ्या सामन्यावर पडदा. हरल्यावर काय चुकलं हे पुढच्या आठवड्यात दुरुस्त करून बघायची सोय नाही. तीन वर्षांची पदवी, त्यात असे सहा-सात सामने. एवढ्यात खेळाडू घडत नाही, फार तर प्रमाणपत्र मिळतं.

आणि भारतीय मुलींना जमत नाही, असं कुणी म्हणू नये. 1980 मध्ये कालिकतला महिलांच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारत उपविजेता होता, 1983 मध्ये बँकॉकला पुन्हा. त्या पिढीत गोव्याची योलांडा डिसूझा होती. तेव्हा महिला फुटबॉलची संघटनाही वेगळी होती, आणि पैसा आजच्यापेक्षा कमी.

म्हणून माझी मागणी लहान आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, चंदगड, कागल इथल्या कॉलेजांनी मुलींची साखळी स्पर्धा भरवावी. विद्यापीठांची मान्यता नंतर बघू. मित्रत्वाच्या सामन्याला दक्षिण-पश्चिम विभाग आड येत नाही. जुलैत पाऊस, म्हणून ऑगस्टअखेर सुरुवात, दिवाळीपर्यंत प्रत्येक संघाला दहा सामने. लागणार काय? मैदान, जे प्रत्येक कॉलेजकडे आहे. कपडे बदलायला कडीची खोली, जी पुष्कळ ठिकाणी नाही. मिनी बसचं भाडं. एक रेफ्री, शक्यतो बाई. बूट मुली आपले आणतात, न जमलं तर माजी विद्यार्थ्यांनी द्यावेत. या सभागृहात असे किती बसलेत, हे मला दिसतंय. बागेवाडी विरुद्ध देवचंद हा सामना पहिल्याच आठवड्यात ठेवा, म्हणजे निपाणीला बघायला यावंच लागेल. शिट्टी कुठल्या राज्यातल्या रेफ्रीने वाजवायची, याचा वाद होईल. होऊ द्या.