अस्थानी गर्भधारणेचे विरळ प्रकार



मी वैद्यक नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि माहिती अधिकारी आहे. तरीही हा विषय निवडला, कारण रुग्ण डॉक्टरांपुढे नेण्याचा निर्णय रुग्णालयात होत नाही. तो घरात, शाळेत वा पंचायतीच्या ओट्यावर होतो.

गर्भ गर्भाशयाच्या पोकळीबाहेर रुजला, तर त्यास अस्थानी गर्भधारणा म्हणतात. शंभर गर्भधारणांमागे अशा एक-दोन असतात आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक बीजवाहिनीत आढळतात. उरलेल्या बीजकोशात, गर्भाशयाच्या मुखाशी, उदरपोकळीत किंवा जुन्या सिझेरियनच्या व्रणात. संख्येने या थोड्या, परंतु मोठ्या फसव्या. बीजवाहिनी जेथे गर्भाशयाच्या भिंतीतून जाते, तेथील स्नायू ताण सोसतो. म्हणून गर्भ उशिरा फुटतो आणि रक्तस्राव भयंकर होतो. मुखाशी रुजलेला गर्भ अपुरा गर्भपात समजून खरवडला, तर रक्त थांबता थांबत नाही. क्वचित एक गर्भ योग्य जागी व दुसरा बाहेर असतो. पहिला दिसला, की शोध थांबतो!

निदानाची मुख्य साधने दोन : योनिमार्गे सोनोग्राफी आणि रक्तातील एचसीजीची, बहुधा ४८ तासांच्या अंतराने केलेली, मोजणी. सोनोग्राफीविषयी काही गावांत उगाच धास्ती आहे. १९९४ चा कायदा लिंगनिदानास मनाई करतो, या तपासणीस नव्हे.

वेळीच कळले व प्रकृती स्थिर असली, तर निवडक रुग्णांत मेथोट्रेक्सेट या औषधाने भागते. उदरपोकळीतील गर्भ काढताना वार आतड्यांस चिकटलेली असल्यास ती पुष्कळदा तशीच ठेवावी लागते; ओढली तर प्राणांवर बेतते. गर्भ फुटला असेल, तर शस्त्रक्रिया आणि रक्त यांवाचून मार्ग नाही. बर्मिंगहॅमचे लॉसन टेट यांनी १८८३ साली फुटलेली बीजवाहिनी काढून एका स्त्रीस वाचविले, त्यापूर्वी अशा स्त्रिया बहुधा दगावतच.

दुकानातून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांनी असा गर्भ जात नाही. उलट, रक्तस्राव झाला म्हणजे काम झाले, असे समजून मंडळी निर्धास्त राहतात. पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात कळा येऊन तिला घेरी आली, खांदा दुखू लागला, तर उद्याची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि रक्ताची सोय असलेले रुग्णालय गाठावे. ज्या भगिनीचे आधी सिझेरियन झाले आहे, तिची पाळी चुकताच सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी व्हावी, एवढी नोंद आशाताईंच्या वहीत आजच करून घ्यावी.