रांगेचा न्याय

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा काही ज्येष्ठांनी मला विचारलं, ‘खेळायच्या यंत्राच्या टंचाईवर बोलायला हे व्यासपीठ कशाला? पाण्याची टंचाई आहे, घरांची आहे, नोकऱ्यांची आहे.’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देतो. वस्तू थोड्या आणि मागणारे फार असले, की वाटणी कशी करायची हा समाजापुढचा जुना प्रश्न आहे. धान्याच्या बाबतीत रेशनकार्ड असतं, कोटा असतो, तहसीलदार असतो. चैनीच्या वस्तूत यातलं काहीच नसतं. तिथे उरतात फक्त विकणारा, घेणारा आणि या दोघांच्या मध्ये घुसणारा. त्यामुळे वाटणीतला न्याय आणि अन्याय तिथे उघडावाघडा दिसतो.

ज्यांच्या घरात हे यंत्र नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेमिंग कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा, खास खेळांसाठी बनवलेला संगणक. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या त्यातल्या तीन मोठ्या कंपन्या. सहा-सात वर्षांनी एक नवी पिढी येते आणि जगभरातले खेळाडू तिची वाट पाहत असतात. सोनीचा प्लेस्टेशन ५ हा १२ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिका, जपान आणि आणखी काही देशांत विक्रीला आला, आठवड्याभराने युरोपात आला. भारताचं नाव त्या यादीत नव्हतं. आपल्याकडे तो २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, किंमत ४९,९९० रुपये. आगाऊ नोंदणी १२ जानेवारीला दुपारी बारा वाजता उघडली आणि काही मिनिटांत संपली. त्यानंतर कित्येक महिने हेच होत राहिलं. मधूनच बातमी यायची की अमुक दिवशी बारा वाजता माल येणार आहे, आणि बारा वाजून पाच मिनिटांनी पडद्यावर ‘स्टॉक संपला’ ही पाटी असायची.

माझा भाचा तेव्हा बारावीत होता. वाढदिवसाचे, दहावीच्या निकालाचे, आजीने वेळोवेळी हातावर ठेवलेले असे पैसे त्याने साठवले होते. बाराच्या ठोक्याला तो फोन आणि लॅपटॉप दोन्ही उघडून बसायचा. एकदा यंत्र कार्टमध्ये आलं, पत्ता भरून झाला, ओटीपी आला, ओटीपी टाकलाही. पान नुसतं फिरत राहिलं. पैसे खात्यातून गेले आणि ऑर्डर रद्द झाली. पैसे आठवड्याने परत आले. त्याच दिवशी संध्याकाळी जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर न उघडलेली खोकी विकायला लागली होती, किंमत साठ-सत्तर हजारांच्या पुढे. तो मला म्हणाला, ‘मामा, मी हळू नव्हतो. माझ्या आधी कुणीतरी उभंच होतं.’

या मुलांच्या रागाला आपण मोठी माणसं फार पटकन हसतो. मला तसं करवत नाही. वस्तू मिळाली नाही याचा राग त्यात थोडाच होता. नियम पाळून, पैसे घेऊन, वेळेवर हजर राहूनही आपण हरणारच होतो, हे कळल्याचा राग जास्त होता. अठरा वर्षांच्या मुलाला बाजाराने दिलेला हा पहिला धडा असेल, तर ती गंभीर गोष्ट आहे.

आता हा तुटवडा आला कुठून ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी, की कंपनीने मुद्दाम माल अडवून धरला. प्लेस्टेशन ५बाबत आकडे तसं सांगत नाहीत. २०२०च्या डिसेंबरअखेर सोनीने पंचेचाळीस लाख यंत्रं बाजारात पाठवली होती. आधीच्या प्लेस्टेशन ४नेही २०१३ साली आपल्या पहिल्या मोसमात जवळपास एवढाच पल्ला गाठला होता, आणि तेव्हा असा आरडाओरडा झाला नव्हता. जुलै २०२१पर्यंत प्लेस्टेशन ५चा आकडा एक कोटीवर गेला. सोनीचं कोणतंच यंत्र इतक्या वेगाने तिथवर पोचलं नव्हतं. म्हणजे माल येत होता. पण टाळेबंदीत घरात अडकलेल्या जगाची मागणी त्याच्या किती तरी पुढे पळत होती.

मग उत्पादन दुप्पट का केलं नाही? याचं उत्तर तैवानमध्ये आहे. या यंत्राची मुख्य चिप एएमडीने आखलेली आणि टीएसएमसी या तैवानी कंपनीने सात नॅनोमीटरच्या तंत्राने घडवलेली. ती जेमतेम तीनशे चौरस मिलिमीटरची असते. सिलिकॉनची जी गोल चकती असते, तिच्यावर अशा चिपा दोनशेच्याही आत बसतात आणि त्यांतल्या काही सदोष निघतात. चकती कारखान्यात शिरल्यापासून तयार चिप बाहेर पडेपर्यंत तीन-तीन महिने लागतात. नवा कारखाना उभारायचा तर अब्जावधी डॉलर आणि काही वर्षं हवीत. शिवाय त्याच सात नॅनोमीटरच्या ओळीत मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची चिप उभी, एएमडीचे संगणकांचे प्रोसेसर उभे, ग्राफिक्स कार्डंही उभी. मागणी वाढली म्हणून पाळी वाढवायची, अशी सोय तिथे नसते.

मोठ्या चिपेचं हे झालं. पण पुष्कळदा यंत्र अडलं ते छोट्या चिपेपायी. विजेचा दाब सांभाळणाऱ्या, पंखा फिरवणाऱ्या, जोडण्या जुळवणाऱ्या या चिपा जुन्या तंत्राच्या आणि स्वस्त असतात. २०२०च्या वसंतात मोटारकंपन्यांनी आपल्या चिपांच्या ऑर्डरी रद्द केल्या. मोकळी झालेली जागा लॅपटॉप, वेबकॅम आणि कन्सोलवाल्यांनी घेतली. वर्षअखेर मोटारींची मागणी परत आली तेव्हा कारखान्यांत जागा उरली नव्हती. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासात बर्फाचं वादळ आलं आणि ऑस्टिनमधले सॅमसंग, एनएक्सपी आणि इन्फिनिऑन यांचे चिपांचे कारखाने बंद पडले. १९ मार्चला जपानमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. २३ मार्चला ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस जागचं हललं नाही. त्याच सुमारास तैवानात गेल्या कित्येक दशकांतला सर्वांत कडक दुष्काळ पडला होता. २०२० साली एकही चक्रीवादळ त्या बेटावर धडकलं नव्हतं आणि धरणं भरली नव्हती. तिथल्या सरकारने हजारो हेक्टर भाताचं सिंचन थांबवलं, शेतकऱ्यांना भरपाई दिली आणि पाणी शहरांसाठी व कारखान्यांसाठी राखलं. कारखान्यांनी टँकर लावले. पाण्याची वाटणी कुणाच्या बाजूने होते हा प्रश्न मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पण मला वाटतं, तो चमकदार पांढरा डबा टीव्हीशेजारी ठेवताना त्यामागे कोरडं पडलेलं भाताचं शेतही आहे, हे आपल्या मुलांना माहीत असावं.

तेव्हा तुटवडा झाला यात एका कुणाचं पाप नव्हतं. पाप झालं ते वाटणीत.

अर्थशास्त्राचे जाणकार म्हणतील, सोपं आहे, किंमत वाढवा, रांग आपोआप आटेल. कंपनीने ते केलं नाही, आणि माझ्या मते योग्य केलं. कन्सोलचा धंदा यंत्रावरच्या नफ्यावर उभा नसतो. सुरुवातीला तर सोनी हे यंत्र तोट्यात विकत होती. डिस्कवाल्या आवृत्तीवर आता तोटा होत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१मध्ये सांगितलं. कमाई होते ती खेळांवर आणि वर्गणीवर. म्हणून किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यात ठेवायची आणि घराघरांत जायचं, हा हिशेब. पण जाहीर किंमत पन्नास हजार आणि एखाद्या उतावळ्याची तयारी ऐंशी हजारांची असेल, तर मधले तीस हजार उघड्यावर पडलेले असतात. दुकानदाराने माल बेवारस सोडला की ते मधला उचलतो. आपल्याकडे याला ‘ऑन’ म्हणतात. एके काळी सिनेमाच्या तिकिटांवर चालायचा तोच हा व्यवहार. फरक इतकाच, की थिएटरबाहेरचा ब्लॅकवाला स्वतः रांगेत उभा राहायचा किंवा माणसं उभी करायचा. आता संगणकाचा प्रोग्राम उभा असतो. तो दर क्षणाला दुकानाचं पान तपासतो, माल दिसताच पत्ता आणि कार्डाचा नंबर भरून मोकळा होतो. माणसाचं बोट त्याच्याशी शर्यत जिंकूच शकत नाही.

ब्रिटनच्या संसदेत डिसेंबर २०२०मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीचे डग्लस चॅपमन यांनी अशा स्वयंचलित खरेदीविरुद्ध ठराव मांडला, पुढे विधेयकही आणलं. ते कायदा झालं नाही. अमेरिकेत २०१६ सालचा कायदा आहे, पण तो कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता. तो इतर वस्तूंना लावणारं विधेयक २०२१मध्ये पुन्हा आलं आणि अडलं. कायद्याची वाट पाहत बसलो तर यंत्राची अख्खी पिढी जुनी होते.

विक्रेत्यांच्या हातात मात्र पुष्कळ होतं, आणि ज्यांनी करून दाखवलं त्यांच्याकडे पाहावं. जानेवारी २०२१च्या अखेरीस टोकियोच्या अकिहाबारात एका मोठ्या दुकानात प्लेस्टेशन ५साठी इतकी झुंबड उडाली, की पोलीस बोलवावे लागले. जपानी दुकानांत सोडतीची पद्धत चांगलीच रुजली: आधी नाव नोंदवा, चिठ्ठी निघाली तर या. काही दुकानांनी विकताना खोक्यावर खूण करायला सुरुवात केली, म्हणजे ‘नवं, न उघडलेलं’ म्हणून ते पुढे विकता येऊ नये. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने जुलै २०२१मध्ये स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रासाठी पाच डॉलर अनामत घेऊन नोंदवही उघडली. एका खात्याला एकच यंत्र, आणि पहिल्या दोन दिवसांत नोंदणी फक्त जुन्या ग्राहकांना, म्हणजे ज्यांनी आधी कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून काही विकत घेतलं होतं त्यांना. यंत्र साधारण कधी मिळेल हेही कळत होतं. वाट लांब होती, पण वाट होती.

निन्टेन्डोने २०२५मध्ये स्विच २ आणताना आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिच्या जपानमधल्या ऑनलाइन दुकानातल्या सोडतीत भाग घ्यायचा तर आधीच्या स्विचवर किमान पन्नास तास खेळलेलं असावं आणि वर्षभराची वर्गणी भरलेली असावी, अशी अट घातली. बावीस लाख अर्ज आले. पहिल्या फेरीत पुष्कळांना यंत्र मिळणार नाही, हे कंपनीच्या अध्यक्षांनी आधीच जाहीर सांगून दिलगिरी व्यक्त केली. जपानसाठी फक्त जपानी भाषेत चालणारी आवृत्ती ४९,९८० येनला ठेवली आणि सर्व भाषांची ६९,९८० येनला, म्हणजे स्वस्त माल उचलून परदेशी धाडण्यात कुणाला रस उरू नये. मला यातली अध्यक्षांची दिलगिरी सर्वांत मोलाची वाटते. नाही मिळणार, हे कुणी तोंडावर सांगितलं तर माणूस थांबतो. त्याला खोटी आशा दाखवून दर पंधरवड्याला बारा वाजता पळवलं, की तो चिडतो.

श्रोत्यांमधल्या साठी ओलांडलेल्यांना हे सगळं ऐकताना आपली स्कूटर आठवली असेल. बजाज चेतक १९७२ साली आली. तिचा आकुर्डीचा कारखाना इथून काही परक्या मुलखात नाही. तरी परवान्याच्या मर्यादेमुळे लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. काहींची प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत गेली. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला आधी मिळे. नंबर लागलेली स्कूटर दारात न आणता तशीच ऑनवर विकणारेही होते. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. तो तुटवडा सरकारने स्वतःच्या धोरणाने घडवलेला होता आणि त्याने दोन पिढ्यांना विनाकारण ताटकळत ठेवलं. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी माझ्या भाच्याला मिळाली नाही. माणसाकडे नोंदणीची पावती असायची. तो एजन्सीत जाऊन विचारू शकायचा, माझा नंबर कुठवर आला?

बारा वाजताची ऑनलाइन धाव वरून फार समतेची वाटते, कारण दार सगळ्यांना एकाच वेळी उघडतं. खरं पाहता त्या वेळी कोण मोकळा असतो? पाळीवर असलेला कामगार नसतो, वर्गात बसलेली मुलगी नसते. नंदुरबारच्या एखाद्या गावात मोबाइलवर सिग्नलची एकच दांडी घेऊन बसलेला मुलगा असतो, पण त्याचं पान उघडेपर्यंत मुंबईतला माल संपलेला असतो, आणि उघडलंच तर ‘आपल्या पिनकोडवर पोचवता येत नाही’ असं उत्तर येतं. सोडतीत नशीब असतं हे कबूल. पण तिथे नंदुरबारची चिठ्ठी आणि नरिमन पॉइंटची चिठ्ठी एकाच डब्यात पडते.

प्लेस्टेशन ५ची टंचाई संपल्याचं सोनीने जानेवारी २०२३मध्ये जाहीर केलं. दरम्यान भारतात त्याची किंमत ५४,९९० झाली होती, पण त्याच वर्षी सवलतीच्या दिवसांत तो मूळ किमतीच्या आसपास मिळू लागला. ज्यांनी ऑन दिला त्यांचे पैसे मधल्याच्या खिशात गेले ते गेले.

हे आता उगाळायचं कारण, पुढची टंचाई दारात उभी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढून घ्यायला सुरुवात केल्यामुळे २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव कडाडले, आणि कन्सोलमध्येही मेमरीच्या चिपा बसतात. म्हणून आपल्या शहरातल्या दुकानदारांना आणि ऑनलाइन विक्रेत्यांना माझी विनंती आहे: पुढचं यंत्र येईल तेव्हा धाव लावू नका, नोंदवही उघडा. एका माणसाला एकच यंत्र द्या, त्याला नंबर द्या, आणि मिळणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. पालकांना विनंती, की मुलाचा हिरमोड बघवत नाही म्हणून ऑन देऊन खोकं आणू नका. त्या एका खोक्याने पुढच्या दहा मुलांचा भाव ठरतो. आणि इथे मागच्या रांगांत बसलेल्या तरुणांना सांगतो, की विक्रेत्याला लेखी विचारा, तुमची नोंदवही कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.