रूळ वर, शेत खाली



छोट्या रेल्वेचा देखावा कसा उभारायचा, या विषयावर मला आठ मिनिटं दिली आहेत. झाडं कशी करायची, घरं कशी रंगवायची, पाणी कसं दाखवायचं, हे तुम्हाला ऐकायचं असणार. तेही येईल. पण आधी माझं एक गाऱ्हाणं आहे, आणि वेळ त्यातच गेला तरी चालेल.

प्लायवूडचा सपाट तक्ता आणायचा, त्यावर रूळ ठोकायचे आणि मग उरलेल्या जागेत हिरवा भुसा पसरायचा, हे कृपा करून बंद करा.

मुलांनी, आणि मुलांपेक्षा त्यांच्या वडिलांनी, हौसेनं मांडलेल्या गाड्या मी पाहतो. इंजिन देखणं असतं, डबे देखणे असतात. रूळ मात्र अंगणात पडलेल्या शिडीसारखे जमिनीला चिकटलेले. कोपऱ्यात थर्माकोलचा डोंगर, त्यावर बर्फ, बर्फाखाली देवदाराची झाडं! अहो, आपण भंडाऱ्याचे. बर्फ कुठून आणला?

कधीतरी भंडारा रोडहून, म्हणजे वरठीहून, तुमसर रोडकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसा. श्रावणात बसा. तुम्हाला काय दिसतं? बांध्या, म्हणजे धानाची शेतं, खाली दिसतात. धान खाली, धुरे खाली, चिखलात वाकलेल्या बाया खाली. तुम्ही वर असता. कुठे गुडघाभर वर, आणि नदी जवळ आली की चांगले दोन पुरुष वर. हा मार्ग आधी मीटर गेज होता, नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि तिनं तो ब्रॉडगेज केला. तेव्हा यंत्रं नव्हती. माणसांनी कुदळीनं माती खणली आणि टोपल्यांनी वाहून भराव घातला. ती माती आली कुठून? रुळाच्या दोन्ही बाजूंनी. म्हणून भरावाच्या पायथ्याशी ते लांबट खड्डे आहेत, पावसाळ्यात भरणारे, कमळं आणि बगळे असलेले. भराव आणि खड्डा ही जोडी आहे. एक दाखवला आणि दुसरा गाळला, की देखावा खोटा वाटतो. का, ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

घरचं उदाहरण देतो. आपण भात खाणारी माणसं. ताटात भात वाढला, की आपण त्याचा ढीग करतो आणि वरणाला जागा ठेवतो. भात काठापासून काठापर्यंत थापून बसवला आणि मग वर वरण ओतलं, तर ते जाणार कुठे? सपाट तक्त्यावर रूळ ठोकणारा माणूस ताट आधीच काठोकाठ भरतो. मग तलाव दाखवायचा तर निळा कागद चिकटवतो. तलावांच्या जिल्ह्यात निळा कागद! मालगुजारी तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाला काय वाटेल?

कुणी म्हणेल, मग रूळच उचलू, खाली उंचवटा देऊ. इथे गणित आडवं येतं. छोट्या गाडीला ५० ला १ पेक्षा जास्त चढ देऊ नये, चाकं घसरतात. म्हणजे ४ सेंटीमीटर चढायला २ मीटर लांबी लागेल, उतरायला आणखी २ मीटर. घरातली खोली तिथेच संपली. म्हणून रूळ उचलायचा नाही, जमीन खाली न्यायची. पुन्हा सांगतो, कारण हे एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं जातं: रूळ आहे तिथेच राहू द्या, जमीन खाली न्या.

कशी न्यायची? अखंड तक्ता नको. लाकडी पट्ट्यांची चौकट करा. चौकटीवर उभ्या खुंट्या, आणि खुंट्यांवर फक्त रुळाखाली येईल एवढी प्लायची चिंचोळी पट्टी. बाकी सगळं मोकळं. त्या मोकळ्या जागेत हवी तेवढी खोल जमीन बसवा. शेतासाठी थर्माकोल, चढउतारासाठी जाळी आणि तिच्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेलं कापड. अमेरिकेत लिन वेस्टकॉट या संपादकानं अशी उघडी चौकट लोकांना शिकवली. तिथल्याच मॉन्टेरीच्या जॉन ॲलननं दऱ्या थेट खोलीच्या फरशीपर्यंत नेल्या होत्या. आपल्याला दरी नको, एक बांधी पुरे.

आता मापं. छोट्या गाड्यांचं एचओ हे माप म्हणजे १ ला ८७. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ सालापासून, तेही याच मापात. जमल्यास मुलांना घेऊन जा. तर ३ मीटर उंचीचा भराव या मापात साडेतीन सेंटीमीटरही भरत नाही. पण त्याची रुंदी बघा. उतार २ ला १ धरतात, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर पसारा. माथा ६ मीटर, दोन्ही उतार सहा-सहा, पायथा झाला १८ मीटर. आपल्या मापात जवळजवळ २१ सेंटीमीटर! लोक भराव भिंतीसारखा उभा करतात तो हे न मोजल्यामुळे. ढिगातला भातसुद्धा भिंतीसारखा उभा राहत नाही, पसरतो. मातीचं तेच. जागा कमी असेल तर उतार थोडा चोरा, पण उभा करू नका.

आणि मोरी विसरू नका. भराव घातला म्हणजे पाणी अडलं. आपल्याकडचं पाणी शेवटी वैनगंगेकडे जातं, त्याला रुळाखालून वाट लागते. भाताच्या ढिगाला लहान मूल बोटानं भोक पाडतं आणि एका बाजूचं वरण दुसऱ्या बाजूला जातं, ती मोरी. दगडी कमान, आत अंधार, तोंडाशी थोडा गाळ. देखाव्यात एवढी एक मोरी नीट करा. सपाट तक्त्यावर ती कशी करणार, तुम्हीच सांगा.

फाटकाचंही तसंच. रस्ता फाटकाशी चढतो, रूळ ओलांडतो, उतरतो. बैल तिथे जोर लावतात. आता बरीच फाटकं गेली, खालून बोगदे आले आणि पावसात ते तुंबतात. पाहिजे तर तेही दाखवा, बुडालेल्या मोटरसायकलसह. आणि माडगीला वैनगंगेवरचा पूल करायचा मनात असेल, तर नदी खाली जायलाच हवी. कित्येकांचा पूल वर चढतो आणि नदी असते फळीवर.

बरं, सामान. खडी बाजारातून आणाल ती मोठी निघते. खरी खडी ६५ मिलिमीटरपर्यंत असते, म्हणजे आपल्याला पाऊण मिलिमीटरची हवी. बारीक वाळू दोनदा चाळून घ्या. धुऱ्यासाठी गोंदात भिजवलेली सुतळी. रोवलेल्या धानासाठी गोणपाटाचे धागे कापून रंगवा आणि ओळीत चिकटवा. काम किचकट आहे. वाळलेल्या तुळशीच्या काड्यांचं झाड चांगलं होतं. मातीला वाळवलेला चहाचा चोथा. बांधीतल्या पाण्याला चकचकीत वार्निशचे दोन हात पुरेत. रेझिन वापरलंत तर पातळ थर द्या, एकदम जाड ओतलं की ते तापतं. सारस ठेवायचा मोह होईल. ठेवा, पण एकच जोडी, आणि उंची दोन सेंटीमीटरच्या फार वर नको.

तुमसर-तिरोडी मार्ग कुणी करणार असेल तर डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीजची काळी धूळ वाघिणींवर, रुळावर, शेजारच्या पानांवरही यायला हवी. रंग कोरड्या ब्रशनं... हे सविस्तर सांगायचं होतं. आपली ब्रॉडगेज एचओत १९ मिलिमीटरच्या वर जाते आणि विकतचा रूळ साडेसोळाचा असतो, हाही एक मोठा वाद आहे, तो राहिला.

समोरून खूण झाली आहे. विजेच्या खांबांचं एवढं ऐका: दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर अंतर असतं, म्हणजे तुमच्याकडे ८३ सेंटीमीटर, वळणावर त्याहून कमी. खांबाचा पाया भरावाच्या माथ्यावर येतो, शेतात नाही. आणि ज्यांनी तक्त्यावर रूळ आधीच ठोकले आहेत त्यांनी निराश होऊ नये, स्क्रू उलटेही फिरतात.