मस्यो ऊलोचा पत्ता

(आषाढातल्या मासिक कार्यक्रमात ‘मस्यो ऊलोची सुट्टी’ हा फ्रेंच चित्रपट दाखवण्यात आला. त्यानंतर मंडळाच्या चित्रपट गटाच्या वतीने केलेले भाषण.)



दिवे लागले आहेत आणि मागे कॉफीचा वास सुटला आहे, तेव्हा आम्ही फार वेळ घेणार नाही.

फ्रेंच सिनेमा दाखवायचा म्हटल्यावर कार्यकारिणीत पहिला प्रश्न आला, “कळणार कोणाला?” खरं सांगायचं तर धाकधूक आम्हालाही होती. पण मघाशी समुद्रात ऊलोची होडी मधोमध दुमडली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या आजी आणि सतरंजीवरची नातवंडं एकाच क्षणी हसली. आपल्या इंदुरात आता आजीचं मराठी नातवाला अर्धं कळतं, आणि नातवाचं हिंदी-इंग्रजी आजीला त्याहून कमी. आज दीड तास कोणी कोणाला काही समजावून सांगत नव्हतं.

याचं श्रेय जाक ताती यांचं. १९०७ साली जन्मलेले हे गृहस्थ तरुणपणी रग्बी खेळत, आणि पुढे रंगमंचावर खेळाडूंच्या मूक नकला करून त्यांनी नाव मिळवलं. हा चित्रपट १९५३ सालचा. दिग्दर्शन त्यांचंच आणि ऊलोही तेच. चित्रपटात बोलणं आहे, पण ते आगगाडीच्या डब्यात शेजारच्या बाकावरून कानावर पडावं तसं. खरं बोलतात ते आवाज. जेवणघराच्या झुलत्या दाराचा तो ‘टडंग’ आठवा! आणि सुरुवातीला स्टेशनावरच्या कर्ण्यातून काहीतरी घरघरतं, आणि सगळी माणसं बोचकी सावरत या फलाटावरून त्या फलाटावर धावतात. हे काही फक्त फ्रान्समध्येच होतं असं आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही.

ही गर्दी कशासाठी, तेही सांगायला हवं. १९३६ साली लेऑं ब्लूम यांच्या सरकारने फ्रान्समधल्या कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. तिसरा आठवडा मिळाला १९५६ मध्ये. म्हणजे चित्रपट आला तेव्हा साध्या नोकरदाराच्या हातात होते ते दोनच आठवडे. मग मंडळी समुद्राकडे निघतात. चित्रपटातलं गाव खरं आहे. सँ-नाझेरजवळचं सँ-मार्क-स्यूर-मेर. तिथल्या किनाऱ्यावर आता ऊलोचा पुतळा उभा आहे. कमरेवर हात ठेवून, किंचित पुढे झुकून तो समुद्राकडे बघतो.

आता गंमत पाहा. वर्षभर वाट पाहून मिळालेली सुट्टी, पण ती घेतो कोण? व्यापारी गृहस्थांना दर थोड्या वेळाने हॉटेलातून फोनचं बोलावणं येतं. निवृत्त कमांडर सहलीलाही लष्करी मोहिमेसारखे हुकूम सोडतात. तो विद्यार्थी समोर समुद्र असताना सुंदर मुलीला राजकारणाचे सिद्धांत ऐकवतो. नाचाच्या रात्री तर वेश करून येतात ऊलो, मार्तीन आणि काही मुलं. बाकीचे दिवाणखान्यात बसून रेडिओवरचं भाषण ऐकतात.

आणि ऊलो? तो खडखडत्या मोटारीतून येतो. रस्त्यात कुत्रं झोपलेलं असलं तर थांबतो. आत येताना दार उघडं राहतं आणि वाऱ्याने दिवाणखान्यातले कागद उडतात, चहाची धारसुद्धा वाकडी होते. टेबलटेनिसचा चेंडू शोधताना कोणाची तरी खुर्ची फिरते, आणि पत्त्यांच्या दोन टेबलांवर भांडण पेटतं. त्याच्या चाकाच्या ट्यूबला ओली पानं चिकटतात आणि लोक ती स्मशानातली पुष्पमाला समजून टांगतात. मग हवा जाऊन ती फुसफुसत बसते, आणि ऊलो शोकाकुल माणसांच्या रांगेत उभा राहून आदबीने सर्वांशी हात मिळवतो.

आपल्या चिमणरावांची फजिती होते, तेव्हा ते आपल्याला ती स्वतः सांगतात. ऊलोला मात्र आपली फजिती झाल्याचं बरेचदा कळतच नाही. त्याच्या मनात कोणाला खिजवायचं नसतं. तो वाकून नमस्कार करतो, सामान उचलू लागतो, खेळायला बोलावलं तर मनापासून खेळतो. त्या अख्ख्या हॉटेलात सुट्टीवर आलेला मोठा माणूस म्हणजे तोच.

आमच्या मते चित्रपटाचा खरा प्रसंग शेवटचा. सगळे निघाले आहेत. एकमेकांचे पत्ते लिहून घेतले जात आहेत, पुढच्या वर्षी भेटायची वचनं दिली जात आहेत. ऊलो जवळ येतो, आणि लोक पाठ फिरवतात. आदल्या रात्री त्याच्या हातून फटाक्यांची खोली पेटली होती, ते कोणी विसरलेलं नाही. तो जाऊन वाळूत मुलांमध्ये बसतो. मग दोघंच त्याच्याकडे येतात. एक त्या इंग्रज बाई. आणि दुसरे, सबंध चित्रपटभर बायकोच्या मागे हात बांधून चालणारे ते म्हातारे. ते हळूच त्याला आपला पत्ता देतात. आणि अखेर, रिकाम्या किनाऱ्याच्या चित्रावर टपालाचं तिकीट उमटतं.

चित्रपट निवडताना आम्ही हा प्रसंग पाहिला आणि गप्प झालो. गेल्या गणेशोत्सवात एक तरुण आला होता. नोकरीसाठी नुकताच या शहरात आलेला, एकटा. आरतीत त्याचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि कडवं नेहमी अर्धी ओळ पुढे. पोरं हसली, आम्हीही हसलो. महाप्रसादाला वाढायला उभा राहिला आणि वरणाचं भांडं कलंडवलं. तेव्हा आमच्यापैकी एकाने त्याला म्हटलं, “राहू दे, तू बस.” तो बसला, जेवला, हात धुऊन गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. पावत्या, कर्णा, पाहुण्यांची गाडी, या धावपळीत आम्ही होतो. त्याचं नाव आम्हा पाचांपैकी एकालाही सांगता येत नाही.

आपलेही पूर्वज कधीतरी या शहरात नवखे म्हणून आले. कोणीतरी त्यांना घर कुठे घेतलंत म्हणून विचारलं असेल, म्हणून आज आपण इथे ‘इंदूरकर’ म्हणून बसलो आहोत.

तेव्हा यंदा वर्गणीच्या टेबलावर आम्ही एक साधी वही ठेवणार आहोत. पावतीची नव्हे, पत्त्यांची. आरतीत कोणी चुकीच्या जागी टाळ वाजवला, कोणाच्या हातून भांडं कलंडलं, तर हसा, जरूर हसा. पण तो निघायच्या आत त्याचा पत्ता लिहून घ्या, आणि आपला त्याला द्या.

कॉफी गार होते आहे. चला.